म्हैस हंबरायची थांबली

आमचा मेहुणा भित्रा आहे, हे मी बावीस वर्षं चारचौघांत सांगत आलो. त्याच्या तोंडावर सांगितलं, पाठीमागे सांगितलं, एकदा तर माइकवरून सांगितलं. लोक हसायचे, तोही हसायचा. मला लोकांना हसवायला आवडतं, आणि त्यासाठी घरचंच माणूस हाताशी असलं की बाहेर शोधायला जावं लागत नाही. आता ते सगळं परत घ्यायची माझी इच्छा आहे. बोललेलं परत घेता येत नाही, म्हणून निदान लिहायला बसलोय.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणते, माझी लेक मामा म्हणते. स्टेशनरीचं दुकान आणि इस्त्रीवाला यांच्या मध्ये, एका दाराएवढ्या रुंद जागेत तो घड्याळं दुरुस्त करत बसतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा कागद. तिळाहून बारीक स्क्रू उचलतो आणि जिथे ठेवायचा तिथेच ठेवतो. त्याचे वडीलही त्याच खुर्चीवर बसायचे. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली, आणि दोन वर्षांत शर्टाची बटणंसुद्धा सुनेने लावून द्यायची वेळ आली. मेहुण्याने ते सगळं जवळून पाहिलं. तेव्हा तो तिशीत होता. गेल्या वर्षी त्याला चोपन्न पूर्ण झाली.

रविवारी सकाळी तो आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बँड म्हणजे आम्ही चार जण. मी ड्रम बडवतो, एरवी रंगाचं दुकान चालवतो. गिटारवाला दातांचा डॉक्टर. कीबोर्डवर एका शाळेतल्या गणिताच्या मॅडम. पंचेचाळिशीच्या आतलं कुणी नाही. लोकांचे निरोप समारंभ, शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायटीचे वार्षिक मेळावे असं आमचं कार्यक्षेत्र. एका शोरूमच्या उद्घाटनाला आम्हाला आवाज इतका कमी करायला लावला की मॅनेजर बोलत असताना आम्ही वाजवतोय हे आमच्याखेरीज कुणाला कळलं नाही.

मेहुणा व्हायच्या आधी तो माझा बेसवाला होता. प्रॅक्टिसला त्याच्या घरी जाता-येता मी त्याच्या बहिणीत गुंतलो. तोवर आमचं अरे-तुरे होतं. लग्न झालं त्या दिवसापासून त्याने ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ सुरू केलं. न जाणो, मानपान राहिला तर! मी आपला ‘अरे’वरच राहिलो.

तर भित्रेपणा. घराला कुलूप लावून तो जिना उतरतो, परत चढतो, कुलूप ओढून बघतो. कार्यक्रम पाचचा असला तर चारला खुर्चीत हजर. बेसच्या पिशवीत तारांचे दोन सेट, दोन केबल, आणि त्या दोन्ही एकदम बिघडल्या तर म्हणून तिसरी. विजेला तर इतका टरकतो की घरातली बटणं लाकडी पट्टीने दाबतो. पायात रबरी चप्पल असल्याशिवाय फ्रिज उघडत नाही. मध्यंतरी एकदा हृदयविकार झालाय म्हणून दोन आठवडे कुजबुजत बोलत होता, ते ढेकर येऊन बरं झालं. नंतर कानात शिट्टी वाजते म्हणून धास्तावला, तर ती शेजाऱ्याच्या कुकरची निघाली. मी हे किस्से मीठमसाला लावून सांगायचो.

पण एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बेस गळ्यात घातला की हा माणूस चप्पल काढायचा. अनवाणी, गार फरशीवर तळवे टेकवून उभा राहायचा. म्हणायचा, “खालचा सूर कानाला उशिरा कळतो भाऊजी, तळपायाला आधी कळतो.” डोळे मिटायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते कायमचं ‘आता काय होतंय’ पुसलं जायचं. साऱ्या जगात तेवढीच एक जागा होती, जिथे त्याला कशाची भीती वाटत नव्हती.

आवाजाचं मात्र त्याला भारी वेड. बेसच्या तारा जुन्या झाल्या की त्यांचा आवाज मरतो, ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा येतो. नव्या घ्याव्यात तर म्हणे नव्यांचा आवाज फार उर्मट. मग हा जुन्या तारा पातेल्यात घालून वीस मिनिटं उकळायचा, पुसून, वाळवून परत चढवायचा. दहा दिवस आवाज कसा हवा तसा, ना उर्मट ना मेलेला. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्या पातेल्यावर ‘तारा’ असं रंगाने लिहून ठेवलंय. रंग माझ्याच दुकानातला. तारांच्या खाली, त्या जिथे अडकवतात त्या पुलाजवळ, तो भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा दाबून बसवायचा, म्हणजे सूर लांबत नाही, जागच्या जागी गोल बसतो. डॉक्टर म्हणायचे, “स्वयंपाकघर रिकामं केलंस की रे!” तर हा गंभीरपणे म्हणायचा, “अजून झारा राहिलाय.”

आणि म्हैस. म्हैस म्हणजे त्याचा अँप्लिफायर. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा, काळा, कपाटाएवढा, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. दोन माणसं आणि एक भांडण, एवढं लागायचं तो जिन्याने वर न्यायला. तापला की असा आवाज द्यायचा की पोटात मायेने हात फिरवल्यासारखं वाटायचं. दोष एकच. चालू केला की हंबरायचा. सतत एक ‘हंऽऽ’. वाजवताना लक्षात यायचं नाही, थांबलो की यायचं. म्हणून म्हैस. मेहुणा म्हणायचा, “हंबरते म्हणजे जिवंत आहे. हंबरायची थांबली की काळजी करायची.” ह्या वाक्यालाही मी हसलो होतो.

गेल्या वर्षी आमच्या डोक्यात आलं, की आपण दोन गाणी रेकॉर्ड करून ठेवावीत, कार्यक्रम मिळवायला दाखवता येतील. माझ्या दुकानावरच्या गोदामात, रंगाच्या डब्यांच्या रांगांमध्ये आमची प्रॅक्टिस चालते. डॉक्टरांनी कुठून तरी रेकॉर्डर आणला. सकाळी नऊपासून आम्ही एकच गाणं वाजवत होतो आणि प्रत्येक वेळी ऐकलं की गाण्याच्या मागे ‘हंऽऽ’. साडेअकराला माझं डोकं सणकलं. माझा स्वभावच तसा, नाकावर राग. मेहुणा खाली चहा सांगायला गेला होता. मॅडम आणि डॉक्टर गॅलरीत उभे होते.

फार पूर्वी एका मंडपवाल्याला मी ही युक्ती करताना पाहिलं होतं. मी म्हशीचा तीन पिनांचा प्लग काढला, स्क्रूड्रायव्हरने उघडला आणि आतली हिरवी तार, अर्थिंगची, सोडवून बाजूला केली. तिच्या टोकाला माझी निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लग बंद केला. दोन मिनिटांचं काम. म्हैस चालू केली. शांत! मांजर झालं म्हशीचं.

मेहुणा चहा घेऊन आला, दारातच थांबला. म्हणाला, “म्हैस गप्प कशी काय?”

मी म्हणालो, “तुला घाबरली.”

सगळे हसले. तोही हसला. रेकॉर्डिंग झकास झालं. संध्याकाळी तार परत जोडायची असं मी मनात ठरवलं होतं. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि विसरलो. अर्थिंगची तार कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज रंग ढवळायची मशीन वापरणारा माणूस मी. आत कुठे वीज फुटली, पेटीच्या पत्र्याला लागली, तर ती जमिनीत जाऊ देणारा तो एकच रस्ता. मी तो बंद केला आणि विसरलो. दुसरं काही नाही, विसरलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी वाजवता वाजवता मेहुणा थांबला. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळायला लागला. चेहरा पांढराफटक.

“काय झालं रे?”

“काही नाही. मुंग्या आल्या.”

मला त्याचे वडील आठवले नाहीत. त्याला आठवले. पुढच्या रविवारी परत, त्याच्या पुढच्याला परत. अनवाणी पाय गार फरशीवर, बोटं तारांवर, आणि म्हशीतली फुटलेली वीज त्याच्या अंगातून हळूहळू जमिनीची वाट शोधत होती. आम्हा बाकीच्यांच्या पायात बूट होते. हे मला आज दिसतंय. तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आला का परत लांडगा?”

त्याने नसांचा डॉक्टर गाठला, मग दुसरा गाठला. सुया टोचून नसा तपासल्या. सगळं नॉर्मल. आपल्यासारखा माणूस नॉर्मल ऐकून पेढे वाटेल. ह्याला वाटलं, आजार इतका खोल आहे की सापडतसुद्धा नाही. दुकानात बसला की दर दहा मिनिटांनी बोटांच्या टोकांना सुई लावून बघायचा, टोचतेय का. आणि भीती अशी गोष्ट आहे की शोधली की सापडते. दुकानातही मुंग्या यायला लागल्या. एक दिवस त्याच्या चिमट्यातून एक चाक निसटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी दुपारीच शटर ओढून तो घरी गेला. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, “हे अंथरुणात पडून बोटं मोजत असतात गं. पाच आहेत का बघतात.” बायकोने ते मला सांगितलं, आणि मी, काय सांगू, मी त्याचाही किस्सा केला.

वडिलांच्या हातांसारखेच आपले हात जाणार, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. अवघड घड्याळं घ्यायचं बंद केलं, फक्त सेल बदलून द्यायला लागला. आणि मग एका रविवारी तो बेस न घेता प्रॅक्टिसला आला. म्हणाला, “भाऊजी, मी थांबतो आता. आहे तेवढी ताकद धंद्याला राखून ठेवतो.” मी बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मिटलं.

बेस आणि म्हैस त्याने माझ्या लेकीला दिली. म्हैस गोदामातच राहिली, घरी ती छोट्या स्पीकरवर वाजवायची. लेक एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते. बेस तिला त्यानेच शिकवला. मामा तिला चिमणी म्हणतो, पण वाजवते अशी की छताचे पोपडे पडावेत. मामासारखीच अनवाणी उभी राहते. शिवाय गाते. म्हणजे बोटं तारांवर आणि ओठ माइकला. म्हणजे तारांतल्या विजेला माइकमधून जमिनीत जायला सरळ वाट.

कॉलेजच्या कार्यक्रमाचा दिवस. पाचला सुरू, हिच्या बँडचा नंबर पहिला. मागच्या हिरवळीवर स्टेज. मी शेवटचं गिऱ्हाईक संपवून निघणार होतो. बायको आणि वहिनी मिळून माझ्या मागोमाग येणार होत्या. पावणेपाचला लेकीचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

“बाबा, सगळं सेट झालंय. माळ्याने आत्ताच पाणी मारलंय, सगळा गारवा. या लवकर. आणि ऐका ना, मामाचा आजार मला लागला वाटतं. मघाशी माइकला ओठ लागला तर मुंग्या आल्या! चप्पल होती तरी!” खळखळून हसली. “चला, ठेवते, फोन बॅगेत टाकतेय.”

मी फोन खिशात ठेवला आणि फिक्या पिवळ्या रंगाचा डबा मशीनवर चढवला. डबा फिरायला लागला. त्याच्याकडे बघताना मला मुंग्या हा शब्द परत ऐकू आला. मामाला मुंग्या. हिला मुंग्या. दोघांमध्ये सारखं काय? रक्त? नाही. म्हैस. आणि मग निळी चिकटपट्टी डोळ्यांसमोर आली.

मी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. बॅगेत. पाणी मारलेली हिरवळ, तापलेली म्हैस, आणि आता पायात चप्पलही नसणार. माझ्या दुकानापासून कॉलेज स्कूटरवर पंधरा मिनिटं. घड्याळात पाचला नऊ मिनिटं कमी होती.

मग आठवलं, की एक माणूस तिथे चारपासून बसलेला असणार.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. “भाऊजी, निघालात का? मी पहिल्या रांगेत जागा धरल्यात.”

“म्हशीचा प्लग काढ,” मी ओरडलो. “आत्ताच्या आत्ता. तिला अर्थिंग नाहीये.”

“असं कसं? मी स्वतः...”

“मी काढलंय. रेकॉर्डिंगच्या दिवशी. तुझी बोटं ठीक आहेत रे, ती वीज होती. तिला माइकला ओठ लावू देऊ नकोस!”

एवढ्या दोन वाक्यांत त्याला काय काय कळलं असेल, मी कधी विचारलेलं नाही. मग तो बोलला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला. “फोन ठेवू नकोस तू.”

आणि मला बेस ऐकू आला.

कार्यक्रम वेळेआधीच सुरू झाला होता. लेकीचं ते गाणं बेसनेच सुरू होतं. मला पाठ होतं, महिनाभर घरात दुसरं काही वाजलं नव्हतं. एकटा बेस एकच चाल आठ वेळा फिरवतो, आठवी संपली की ती एक पाऊल पुढे येऊन माइकला ओठ टेकवते आणि गाते. आठ फेऱ्या. मी आयुष्यभर ड्रमवर फेऱ्याच मोजत आलोय. फोन कानाला लावून, शटरच्या दांड्याला धरून मी मोजायला लागलो.

एक. मेहुण्याचा श्वास, खुर्ची पडल्याचा आवाज. दोन. “सरका, सरका हो!” कुणीतरी म्हणालं, “काका, कुठे चाललात?” तीन. “चिमणे! माइकपासून लांब हो!” पण त्याचा आवाज मुळात बारीक, आणि समोर म्हैस. तिला काय ऐकू जाणार? तिने डोळे मिटले असणार, मामासारखेच. चार. पळण्याचा आवाज. पाच. “कुठला आहे? म्हशीचा कुठला?” एका फळीवर दहा प्लग असतात स्टेजमागे, सगळे काळे. मी ओरडलो, “सगळे काढ! मेन काढ!” सहा. धाडकन काहीतरी आपटलं आणि फोन गवतात पडला असणार, कारण सगळं लांबून यायला लागलं. फक्त बेस स्पष्ट होता. सुंदर वाजत होता. स्पंज लावलेला, गोल, जागच्या जागी बसणारा सूर. मला आजपर्यंत इतका भयंकर आवाज ऐकू आलेला नाही.

सात.

आठवी फेरी सुरू झाली आणि मधेच सगळं बंद पडलं.

बेस बंद, फोनमध्ये शांतता. मग लोकांचा गलका. कुणीतरी किंचाळलं, बाईचा आवाज. ती लेक होती की आणखी कुणी, कळलं नाही. मी “हॅलो हॅलो” करत राहिलो. कुणी उचललं नाही. दुकान उघडं टाकून मी स्कूटर काढली. मशीनवरचा डबा तसाच फिरत होता.

ती पंधरा मिनिटं मी कशी गेलो ते मला सांगता येणार नाही. सिग्नल पाळले की तोडले, आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मोठमोठ्याने आठपर्यंत मोजत होतो आणि परत एकपासून सुरू करत होतो.

फाटकातून आत शिरलो तर लेक माझ्याकडे धावत आली. दोन पायांवर, धडधाकट. संतापाने लाल. “बाबा, मामाला वेड लागलंय! मी गायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेन काढला त्याने! सगळ्यांसमोर!” मी तिला धरलं ते सोडलंच नाही. तिला कळेना, बाबा रडतोय का.

“मामा कुठे आहे?”

तो स्टेजमागे जमिनीवर बसला होता. मेनची पत्र्याची पेटी उघडायची कडी तुटलेली होती, म्हणून त्याने पत्र्यात हात घालून ती फाडून काढली होती. जो माणूस घरातलं बटण लाकडी पट्टीने दाबतो, त्याने. उजवा हात रुमालात गुंडाळलेला होता आणि रुमाल लाल झाला होता. मी समोर बसलो. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, ते ‘आता काय होतंय’ नव्हतं.

“भाऊजी,” तो म्हणाला, “म्हणजे मला आजार नव्हताच?”

मी मान हलवली.

“बरं झालं,” तो म्हणाला.

मला वाटलं त्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

हाताला अकरा टाके पडले. तर्जनीची एक नस पत्र्याने तुटली होती. हॉस्पिटलातल्या सर्जननी जोडली, पण बोटाच्या टोकाची जाणीव परत आली नाही, येणारही नाही म्हणाले. वडिलांसारखं बोट बधिर होईल ही ज्याची आयुष्यभराची भीती, त्याचं एक बोट बधिर झालं. माझ्यामुळे झालं. तीन महिने दुकान बंद होतं. आता तो चिमटा अंगठा आणि मधल्या बोटात धरतो. सुरुवातीला स्क्रू पडायचे. आता पडत नाहीत. मी एकदा विचारलं, “रात्री झोप लागते का रे?” तर म्हणाला, “ठार. बधिर झालेल्या बोटाला मुंग्या येत नाहीत भाऊजी. त्या सगळ्या तब्येत चांगली असताना येतात.”

घरी त्याने सांगितलं, की प्लगची वायर उंदराने कुरतडली होती. सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्याच्यासारखा माणूस खोटं कशाला बोलेल? बायकोने माझ्या गोदामासाठी चार पिंजरे आणले. दुकान बंद करताना मी त्यात भजीचे तुकडे लावून येतो. रोज. माझ्याच नावाचे पिंजरे मी माझ्याच हाताने लावतो आणि सकाळी ते रिकामे बघून बायको म्हणते, “हुशार दिसतोय मेला.” लेकीने मामाची माफी मागितली, उंदराला शिव्या दिल्या. तिला अजून उंदीरच माहीत आहे. हे लिहून झालं की कागद आधी तिच्याच हातात देणार आहे. तिने माझ्याशी बोलणं सोडलं तरी देणार आहे. बायकोला तीच सांगेल.

लेकीने बेस आणि म्हैस मामाला परत केली. म्हैस मी मिस्त्रीकडे नेली. आतला एक सडलेला भाग त्याने बदलला, नवी वायर, नवा प्लग. ती हिरवी तार त्याने माझ्यासमोर जोडली. मी त्याला ती दोनदा ओढून बघायला लावली. मिस्त्री म्हणाला, “साहेब, घाबरता फार तुम्ही.”

गेल्या रविवारी मेहुणा प्रॅक्टिसला आला. चप्पल काढली. बेस गळ्यात घातला. म्हैस चालू केली आणि ती हंबरली. ‘हंऽऽ’. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, “हे आलं का परत!” त्यांनाही उंदीरच माहीत आहे.

“हंबरू दे,” मी म्हणालो.

मेहुणा मधल्या बोटाने आणि अनामिकेने वाजवायला शिकतोय. तर्जनी नुसती तारेवर टेकलेली असते, तिला काही कळत नाही. तो डोळे मिटणार होता. मी ड्रममागून उठलो. प्लगपाशी गेलो, ओढून बघितला. टेस्टर आणला होता, तो म्हशीच्या पत्र्याला लावला, मग त्याच्या बेसच्या तारांना. दिवा लागला नाही. मग हाताच्या उलट्या बाजूने एकेक तार स्वतः शिवून बघितली. चारही. मॅडम बघत होत्या. कुणी हसलं नाही. मी परत जागेवर येऊन बसलो, काड्या उचलल्या.

“भाऊजी, करायचं का सुरू?” त्याने विचारलं.

“थांब,” मी म्हणालो, “परत एकदा बघून येतो.”